कडबे बोळातला तोटा

नोटीस चिकटवली होती ती आडाच्या भिंतीला, आणि तीही पिठाच्या खळीनं. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठून पंधरा दिवस झाले होते. कडबे बोळातल्या बायका सकाळी घागरी घेऊन आडावर आल्या, तर दोन शेरडं त्या कागदाचा खालचा कोपरा चघळत उभी. बजाबाईनं शेरडं हाकलली आणि उरलेला कागद वाचायला घेतला. ती बार्शीकडची, सातवी झालेली. बोळात मराठी कागद आला की तिलाच हाक मारायची, असं ठरूनच गेलं होतं.

"'आडामागील जागा निरुपयोगी असल्याने ती सपाट करून, फरशी घालून, तेथे मालमोटारींचा तळ करण्याचे मंजूर आराखड्यात योजिले आहे. कामास सोमवार दिनांक...' दिनांक शेरडानं खाल्लाय बगा. पण सोमवार हाय."

"काय म्हणाली? निरु-काय?" चन्नम्मानं घागर खाली ठेवली.

"निरुपयोगी. म्हंजे कुटल्याच कामाची न्हाय अशी."

चन्नम्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कोण म्हणतंय? कुणाच्या बापानं येऊन बघितलं? त्याला बोलावून आण इथं, अळूच्या पानाखाली बसवते त्याला!"

रागवेल नाही तर काय करेल हो! ती जागा म्हणजे काय होतं, ते आधी ऐका.

चन्नम्मा मैंदर्गीची लेक. लग्न होऊन सोलापुरात आली, नवरा शिवयोगी एका गिरणीत सूतखात्यात. बाहत्तरच्या दुष्काळात बोळातल्या आडाची दोरी आठ परस, म्हणजे एकावर एक आठ माणसं उभी राहतील एवढी, खाली गेली आणि नुसता चिखल वर आणू लागली. आडामागं अर्धा एकर जागा पडली होती, तीत फुटक्या विटा, राख आणि मेलेली कुत्री. बोळातल्या सव्वीस घरांच्या मोऱ्यांचं पाणी त्या जागेच्या कडेनं उताराला लागायचं आणि खाली हमरस्त्यावर साचायचं. त्या डबक्यावर डासांची अशी दिवाळी, की घरटी एक माणूस हिवतापानं गोधडीखाली कुडकुडत असायचं. तरी कुणाला काही वाटत नव्हतं. एका हातानं टँकरखाली घागर धरायची आणि दुसऱ्या हातानं तेच पाणी मोरीत सोडायचं, हेच चाललं होतं.

चन्नम्माला मात्र ते बघवेना. तिच्या अप्पाचा मैंदर्गीत विहिरीवर मळा होता, आणि घाणेरड्या पाण्याला आधी दमवायचं, मग झाडाला पाजायचं, हे तिनं लहानपणी त्याच्या पाठीमागं फिरत बघितलं होतं. तिनं कुदळ घेतली आणि मोऱ्यांचं पाणी अडवून त्या जागेत एक वाकडातिकडा चर खणला. सुरुवातीला दगडगोटे आणि गिरणीच्या बंबाची राख भरलेला खड्डा, त्यात साबणाचा फेस बसायचा. पुढं कर्दळ आणि अळू, त्यांना कसलंही पाणी चालतं. मग केळी, मग पपई, लिंबू, कढीलिंब. कडेला शेवगा आणि हादगा, त्यांच्या सावलीत अंबाडी, शेपू, मेथी, आणि वर तुराट्यांवर भोपळ्याचा वेल. मागावरचा सुताचा कचरा, शेण, पालापाचोळा, सगळं त्या मातीत गेलं. सुरुवातीला लोक हसले. "चन्नम्मा मोरीत शेती करते" म्हणून पोरंसोरंसुद्धा ओरडायची. चरातलं पाणी मुरून मुरून तिसऱ्या वर्षी आडाला सहा परसांवर पाणी लागलं आणि हसणं बंद झालं. आता अठ्ठ्याहत्तर साल, आणि गेल्या वर्षी भर वैशाखातसुद्धा चार परसांवर घागर बुडत होती. खाली रस्त्यावरचं डबकं तर कधी होतं हेच लोक विसरून गेले. सव्वीस घरांतल्या कुणीही यावं, भाजी खुडावी, शेंगा काढाव्यात. चन्नम्माचं म्हणणं एवढंच, की जाताना एक टोपली शेण नाहीतर राख टाकून जा.

आणि ही जागा म्हणे निरुपयोगी!

त्याच दिवशी चन्नम्मा बजाबाईला घेऊन पालिकेच्या कचेरीत गेली. कचेरी लांब नव्हती. बोळाच्या उताराला, हमरस्त्यावर, तीन वर्षांपूर्वी बांधलेली नवी इमारत. दोघींना दीड तास बाकावर बसवलं, मग आत घेतलं. आराखड्याचे साहेब चष्म्याच्या वरून बघत होते. शेजारी फाइल घेऊन रामहरी कारकून उभा. त्याला बघताच चन्नम्मा ओरडली, "हाच! दोन वर्षांमागं हाच छत्री घेऊन आला होता!"

"बरोबर आहे. सर्व्हे यांनीच केला," साहेब म्हणाले. "वाचा हो, काय नोंद आहे ती."

रामहरीनं घसा साफ केला. "'जागेचा सध्याचा वापर: तोटा. माहिती देणार: चन्नम्मा भ्रतार शिवयोगी, राहणार कडबे बोळ. शेरा: जागेपासून तोटाच आहे असे खुद्द रहिवाशांचे म्हणणे, सबब निरुपयोगी.'"

"बघा बाई," साहेब म्हणाले, "तुम्हीच सांगितलंत, आणि तुम्हीच भांडायला आलात."

चन्नम्माला क्षणभर काहीच कळेना. असं मी कशाला सांगेन? मग तो दिवस तिला आठवला. भर चैत्रातली दुपार, हा बाबा छत्रीखाली आडापाशी उभा, आणि "इथं काय आहे?" म्हणून विचारतोय. ती कमरेइतक्या अंबाडीत उभी होती. अभिमानानं फुगून तिनं उत्तर दिलं होतं, "हे आमचं तोट." कन्नडात मळ्याला तोट म्हणतात, आणि शेवटचा अ लांबवून म्हणतात. या मराठी कानानं तो ऐकला तोटा, आणि लिहिलाही तोटा!

"अय्य शिवा! तोट म्हणाले रे मी, तोट! केळीचं तोट, लिंबाचं तोट! तोटा नव्हे!"

शेजारच्या टेबलांवरचे दोघंतिघं फसकन हसले. एकानं दुसऱ्याला सांगितलंसुद्धा, "ऐकलं का, कानडीचा घोळ झालाय." चन्नम्माचे कान तापले. ती चार बायकांत घसा फाडून बोलणारी बाई, पण असं हसं तिचं कधी कुणी केलं नव्हतं.

"मग सरळ बाग म्हणायचं होतं," साहेब म्हणाले.

"बाग कशी म्हणू, साहेब? बागेला जाळी असते. आत बाकडं असतंय. फूल तोडलं की शिपाई शिट्टी मारतो. तिथली केळी कोण खातंय? आमच्यातलं तसं नाही. ते तोटच आहे."

"ठीक आहे, असेल. पण आता आराखडा मंजूर झाला. हरकती घेण्याची मुदत दिवाळीआधीच संपली."

"हरकती घ्या म्हणून कुणी सांगितलं आमाला?" बजाबाईनं विचारलं.

साहेबांनी पेन्सिल दाराकडं केली. दाराच्या मागच्या बाजूला, दार उघडलं की भिंतीला टेकून दिसेनासा होईल असा एक फलक होता. त्यावर पिवळे पडलेले कागद. "तिथं लावलं होतं सहा महिने."

"दाराच्या मागं!" चन्नम्मा म्हणाली.

"बाई, कागदावर आलं ते आलं. एका शब्दासाठी शहराचा नकाशा नव्यानं छापत नाहीत."

चन्नम्मा टेबलाशी वाकली. ती कन्नड शाळेत चौथी झालेली, मराठी अक्षरं तिला ओळखीची पण वाचायला जड. "दाखव मला," ती रामहरीला म्हणाली. "तोट आणि तोटा, यात कुठली रेघ जास्त आहे?"

रामहरीनं ओशाळून बोट ठेवलं. "ही शेवटची उभी. काना म्हणतात."

"एवढीशी?"

"हो."

तिनं ती रेघ नीट बघून घेतली. काडेपेटीच्या काडीएवढीसुद्धा नव्हती.

बाहेर आल्यावर ती कचेरीच्या पायऱ्यांवर थांबली. मागं वळून बोळाचा उतार बघितला, मग पायाखालची फरशी बघितली. सहा वर्षांपूर्वी गुडघाभर डबकं साचायचं ते याच ठिकाणी. तेव्हा कचेरी इथं नव्हती. ही माणसं आली तोवर पाणी वर अडलं होतं, आणि आपल्या पायऱ्या कशानं कोरड्या राहतात हे विचारायची बुद्धी एकालाही झाली नव्हती.

"काय बगताय?" बजाबाईनं विचारलं.

"पायऱ्या बघ किती कोरड्या आहेत," चन्नम्मा म्हणाली आणि चालू लागली.

घरी पोचायच्या आत गोष्ट बोळभर झाली होती. आणि माणसाचा स्वभाव बघा! ज्या साहेबानं दाराआड नोटीस लपवली त्याला कुणी शिवी दिली नाही. सगळे घसरले चन्नम्मावर. काल शेंगा न्यायला आलेलीच आज म्हणत होती, की हिच्या तोंडामुळं आपल्या दारात ट्रक येणार. शिवयोगी पाळीवरून आला. तो गरीब स्वभावाचा माणूस, आवाज चढवणारा नव्हे. तरी जेवता जेवता म्हणालाच, "तुला मराठी येतंय की. सगळं मराठीत बोललीस, त्या एका शब्दालाच कन्नड कशाला आणलंस?"

चन्नम्मानं भाकरी ताटात टाकली. "मग काय म्हणू? अप्पानं मला जे शिकवलं ते त्या शब्दात शिकवलं. त्याला दुसरं नाव माझ्याकडं नाही. चूक माझी? तो छत्रीवाला चार पावलं आत आला असता तर पपई त्याच्या डोक्यावर आपटली असती! न बघता लिहिलं त्यानं, आणि चूक माझी?" बोलता बोलता तिला रडू कोसळलं. रागाचंच होतं ते. पण रागाखाली एक काटाही होता, की आपल्याच तोंडचा शब्द आपल्या मळ्याच्या मुळावर आला. तो काही केल्या निघेना.

शिवयोगीनं ती भाकरी मोडून तिच्यापुढं सरकवली. मग म्हणाला, "सोमवारी येणार ना ते? वारही काय निवडलाय."

चन्नम्मानं डोळे पुसले. सोमवार! सोलापूरच्या ग्रामदैवताचा, सिद्धरामाचा वार. सोमवारी कडबे बोळातलं प्रत्येक घर उंबऱ्यापासून परसापर्यंत धुऊन निघतं, सगळे डोक्यावरून अंघोळ करतात, अंथरुणं-पांघरुणं धुतात. इतर दिवशीच्या तिप्पट पाणी मोरीतून जातं. आणि ते सगळं तिच्या चरात.

रविवारी ती घरोघर गेली. "उद्या चराच्या तोंडाला तरट कोंबायचं," तिनं सांगितलं. "दुसरं काही करायचं नाही. रोजच्यासारखं धुवायचं, रोजच्यासारखं सांडायचं. ही जागा निरुपयोगी आहे ना? मग उद्यापुरता आपण तिचा उपयोग करायचा नाही."

काही जणी लगेच हो म्हणाल्या. अडली ती बजाबाईच. "चन्नम्मा, पाणी वाया घालवायचं? मला जमायचं न्हाय. दुष्काळात एका घागरीसाटी मी दोन कोस चाललेय. आन केळी आत्ताच कुटं व्याल्यात."

"मला तरी कुठं जमतंय गं?" चन्नम्मा म्हणाली. "माझाच जीव तुटतोय. पण एक दिवस झाडं तहानेली राहिली तर मरत नाहीत. फरशीखाली गेली तर मरतात."

बजाबाई मान हलवत आत गेली. पण सोमवारी पहाटे चराच्या तोंडाशी पहिलं तरट घेऊन आली ती तीच.

मजूर नऊ वाजता आले. चौघं आणि एक मुकादम. बायका वाटेत आडव्या आल्या, चन्नम्मा चराच्या काठावर बसून राहिली. पण कडेचा शेवगा लांब होता, तिथवर कुणी पोचायच्या आत एकानं कुऱ्हाड घातलीसुद्धा. सहा वर्षांचं झाड, फुलांनी पांढरं झालेलं. शेवग्याचं लाकूड मऊ, दहा घावांत आडवं झालं. फुलं चिखलात पडली. "हराम्या!" चन्नम्मा किंचाळली. "फुलातलं झाड तोडतोस? तुझ्या आईनं तुला हेच शिकवलं?" मजुराचा हात थांबला. तो मुकादमाकडं बघू लागला आणि मुकादम कागदाकडं.

तोवर पाणी निघालं होतं. सव्वीस घरांचं पाणी चरापाशी आलं, तरटाला धडकलं, थोडं फुगलं आणि आपल्या जुन्या वाटेला लागलं. सहा वर्षं ती वाट कोरडी होती, तरी पाणी तिला विसरलं नव्हतं. राखेचं, साबणाचं, खरकट्याचं काळपट पाणी बोळातून घसरत हमरस्त्यावर गेलं आणि कचेरीपुढच्या खोलगट भागात बसलं. अकरा वाजता सायकलींची चाकं अर्धी बुडाली. सव्वाअकराला पहिली पायरी गेली. साहेबांची जीप आली तेव्हा ते नेहमीच्या सवयीनं कागद वाचत खाली उतरले, आणि त्यांचा पॉलिश केलेला बूट घोट्यापर्यंत आत गेला.

पॅन्ट पोटरीवर दुमडून ते बोळ चढून आले. मागून फाइल सांभाळत रामहरी.

"हे पाणी कुणी सोडलं?"

"सोडलं नाही, साहेब. रोजचंच आहे," चन्नम्मा म्हणाली. "आज सोमवार, म्हणून जरा जास्त."

"रोजचं? मूर्ख समजता का मला? तीन वर्षं आहे मी इथं, एक थेंब पाहिला नाही खाली! रोजचं आहे तर रोज कुठं जातं हे पाणी?"

चन्नम्मा उठून उभी राहिली. मांडीचा चिखल झटकला, पदर खोचला.

"तोट्यात, साहेब," ती म्हणाली. "रोज तोट्यात जातंय."

बजाबाई आधी हसली, मग सगळ्याच. साहेबांचा चेहरा लाल झाला. पण उत्तर त्यांना कळलं होतं. ते चराकडं बघत होते.

"या आत," चन्नम्मा म्हणाली. "दोन वर्षांमागं यायचं राहिलंय ते आज या." तिनं त्यांना राखेचा खड्डा दाखवला, कर्दळ दाखवली, केळीखालची ओल बोटानं उकरून दाखवली. कुठं घाण वास येतो का, विचारलं. एकही डास दाखवा म्हणाली. शेवटी आडावर नेऊन त्यांच्यादेखत दोरी सोडली आणि चौथ्या परसाला घागर बुडाल्याचा आवाज त्यांना ऐकवला. तांब्या भरून पुढं केला. साहेबांनी हात मागं घेतला. तांब्या रामहरीनं घेतला आणि गटागटा पिऊन टाकला.

मिशा पुसत तो म्हणाला, "आमच्याकडं मोहोळला याला मळा म्हंत्यात." कचेरीतली भाषा त्याच्या तोंडून कुठल्या कुठं गेली होती.

"मग त्या दिवशी आत का नाही आलास, बाबा?"

रामहरीनं मान खाली घातली. "ऊन लई हुतं."

"अरे, सावली आतच होती की!" चन्नम्मा म्हणाली.

साहेबांनी मुकादमाला हात केला. काम तूर्त थांबवा, कचेरीत गेल्यावर बघून लिहू, म्हणाले. "तूर्त नको आणि कचेरीत नको," चन्नम्मा म्हणाली. "तिथं दार आहे. इथंच लिहा." आणि साहेबांना लिहावं लागलं. रामहरी ओणवा झाला, त्याच्या पाठीवर कागद ठेवून त्यांनी काम रद्द केल्याचं आणि जागेची फेरपाहणी करणार असल्याचं लिहिलं. बजाबाईनं ते दोनदा मोठ्यानं वाचलं. सही झाल्यावरच तरट निघालं.

फेरपाहणीला श्रावण उजाडला. ट्रकचा तळ दुसरीकडं गेला, जागा बोळाला राहिली. मग एके दिवशी दोन माणसं हातगाडीवर एक पाटी घेऊन आली आणि ज्या ठिकाणी शेवगा पाडला होता, नेमकी तिथंच ती रोवून गेली. शेवग्याच्या बुडख्याला तोवर हातभर फुटवे आले होते. हिरव्या टिनावर पांढरी अक्षरं. बायका गोळा झाल्या. बजाबाईनं वाचलं:

"'राखीव हिरवी जागा. नाव: तोटा.'"

चन्नम्मा पाटीकडं बघतच राहिली. साहेबानं पाणी बघितलं, आड बघितला, पाठीवर कागद ठेवून सही केली. आणि पाटी रंगवणाऱ्यापुढं मात्र ती जुनीच फाइल उघडली. तिनं कमरेचं खुरपं काढलं आणि पाटीखाली पालथी घागर ठेवून वर चढली.

"अवं, सरकारी पाटी हाय ती!" बजाबाई ओरडली. "गुन्हा लागंल!"

"लागू दे. सहा वर्षं मी खणलं ते एका रेघेनं बुजवणार होते. मग एक रेघ मला पण खोडू दे की."

तिनं शेवटची उभी रेघ बोटानं चाचपून बघितली, आणि खुरप्याच्या टोकानं ती खरवडायला लागली. पांढऱ्या रंगाचे टवके शेवग्याच्या फुटव्यांवर पडत राहिले. काना पुरता निघाला तेव्हाच ती खाली उतरली.